नाव, चिन्ह आणि पदार्थ : फाईल कशाने उघडते?

संगणक वापरणारे आपल्यातले बरेच जण एक प्रश्न विचारतात. कालपर्यंत पीडीएफवर एक चिन्ह होतं, आज ब्राउझरचं दिसतंय. मग फाईल बदलली का? नाही. फाईल तीच आहे, बदललाय तो संकेत.

'संकेत' हा शब्द आपण न्यायशास्त्रातून घेऊ. शब्द आणि अर्थ यांचं नातं मीमांसक नित्य मानतात. नैयायिक म्हणतात, ते ठरवलेलं असतं. फाईलच्या बाबतीत संगणक नैयायिकांच्या बाजूचा आहे. नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं, म्हणजे पीडीएफ, टीएक्सटी, जेपीजी, ही झाली एक्स्टेन्शन. विंडोज आत काय आहे ते न पाहता ही अक्षरं वाचतं. कोणत्या अक्षरांना कोणता प्रोग्रॅम आणि कोणतं चिन्ह, याची नोंद रजिस्ट्रीत असते. म्हणून प्रोग्रॅम बदलला की चिन्हही बदलतं.

वस्तू मात्र आत असते. पीडीएफ फाईलच्या सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं लिहिलेली असतात. तिच्या नावाचा शेवट बदलून टीएक्सटी केला, तर ती नोटपॅडमध्ये उघडेल आणि अगम्य अक्षरं दिसतील. नाव पूर्ववत करा, मजकूर जिथल्या तिथे.

आपल्या चिंचणीला सापडलेला राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचा ताम्रपट आठवा. शके 848, म्हणजे इसवी सन 926 चा. त्यात संयान म्हणजे आजच्या संजाणचा कारभार पाहणाऱ्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचं नाव 'मधुमति' असं येतं. हे 'मुहम्मद'चं संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात. नावाला संस्कृत वळण मिळालं, म्हणून माणूस काही दुसरा झाला नाही.

आता कृती. फाईलवर उजवं क्लिक करा, 'ओपन विथ', मग 'चूज अनदर ॲप'. हवा तो प्रोग्रॅम निवडून विंडोज 11 मध्ये 'ऑलवेज' दाबा. 'जस्ट वन्स' दाबलंत तर बदल तेवढ्यापुरताच. पुन्हा फिरवायचं असेल तर सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स इथे जा. मॅकवर 'गेट इन्फो'मध्ये प्रोग्रॅम निवडून 'चेंज ऑल' दाबतात. नुसतं चिन्ह बदलायची हौस असेल, तर विंडोजमध्ये फोल्डर किंवा शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'चेंज आयकॉन' मिळतं.

पण ही केवळ हौसेची गोष्ट नाही. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर पसरला. ईमेलसोबत आलेल्या फाईलच्या नावात टीएक्सटी होतं, पण खरा शेवट होता व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे लोकांना ते साधं पत्र वाटलं. आजही मोबाईलवर लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाईलच्या शेवटी एपीके असेल, तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. उघडू नका, पाठवणाऱ्याला आधी फोन करा.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. विंडोज 11 असेल तर फाईल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो', आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' समोर खूण करा. मग नावाचा शेवट डोळ्यांसमोर राहील. चिन्ह कोणीही चिकटवू शकतं. आपण शेवट वाचून मगच क्लिक करायचं.