पाटावरची दुनळी

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. घटासमोर पाट मांडून त्यावर घरातील शस्त्रे व उपजीविकेची साधने ठेवावयाची, त्यांस गंध-फूल वाहावयाचे आणि त्या दिवसापुरती त्यांना विश्रांती द्यावयाची, ही आपली पूर्वापार रीत आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या नगरांतील घरांत आता या पाटावर विळी, कोयता, सुतारकामाची हत्यारे, शिवणयंत्र यांची वर्णी लागते आणि दाराशी उभ्या असलेल्या वाहनाला झेंडूची माळ घातली जाते. परंतु ठाणे जिल्ह्यातील काही जुन्या घरांत या दिवशी कपाटाच्या तळाशी वर्षभर निजलेली एक लांब पिशवी बाहेर निघते व तिच्यातून दुनळी बंदूक पाटावर येते.

या पूजेची एक निराळी शिस्त असते. पोलादाला पाण्याचा थेंबही वर्ज्य. म्हणून प्रोक्षण नाही, पंचामृत नाही. नळ्या तेलाच्या फडक्याने पुसावयाच्या, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करावयाची आणि मगच हळदकुंकवाचे बोट लाकडी दस्त्याला लावावयाचे. काडतुसे वेगळ्या तबकात. घरातील मुलांना एरवी जिला हात लावण्याची मनाई, तिला त्या दिवशी नमस्कार करण्यापुरते जवळ जाता येते.

या बंदुका इकडे का आल्या, हे समजण्यासाठी जुना ठाणे जिल्हा डोळ्यांपुढे आणावा लागतो. येऊर, मलंगगडाचा पायथा, बारवीचे खोरे, मुरबाड, शहापूर, तानसा हा सारा मुलूख दाट रानाचा. भाताच्या व नाचणीच्या शेतात रानडुकरांचे कळप उतरत आणि एका रात्रीत पिकाची माती करीत. शेतीच्या रक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळत, आणि रक्षणाच्या जोडीने शिकारीचा नादही लागे. गंमत अशी, की याच रानात राहणारे वारली बांधव वाघाच्या दगडी मूर्तीला शेंदूर लावून वाघोबा म्हणून पूजीत आले, आणि आम्ही गावातली माणसे पूजीत आलो ती बंदुकीला!

बंदुकीविषयी शिकाऱ्यांच्या आवडीनिवडी फार तीव्र असतात. गवयाचा जसा आपल्या तंबोऱ्यावर जीव, तसा त्यांचा आपल्या हत्यारावर. कोकणपट्टीच्या दाट झाडीत सावज दिसते ते वीस-पंचवीस पावलांवर, तेही क्षणभर. त्यामुळे इकडच्या जुन्या शिकाऱ्यांना लांब पल्ल्याच्या रायफलीपेक्षा बारा बोअरची दुनळी अधिक जवळची वाटे. बारा बोअर म्हणजे जिच्या नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, ती. डाव्या नळीचे तोंड बहुधा किंचित आवळलेले असे, म्हणजे छर्रे दूरवर एकवट जात. म्हणून उजव्या नळीत काय भरावे आणि डाव्या नळीत काय, यावर हाक्याच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती तासन् तास वाद रंगत. डुकरासाठी एल. जी. हा जाड छर्रा की अखंड गोळी, हा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा तंटा.

काडतुसांचीही तशीच भक्ती. विलायतेतील ईली कंपनीच्या काडतुसांवर जुन्यांचा अढळ विश्वास. पुढे परदेशी माल दुर्मीळ झाला, तेव्हा खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे आली व तीही रुळली. पूर्वीच्या काडतुसांचे कवच कागदी असे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते फुगे व ऐन वेळी नळीत अडकून बसे. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात काडतुसे ठेवावयाची आणि दसऱ्याच्या उन्हात तो डबा उघडून एकेक निरखावयाचे. खंडेनवमीच्या पूजेला असा एक व्यावहारिक अर्थही होता. पावसाळा संपला, हत्यार गंजले तर नाही ना, हे पाहण्याची ती वेळ.

रायफलीवाल्यांचे प्रेम आकड्यांवर. ३०३ हे सैन्याचे माप असल्याने सामान्य परवानाधारकाला ते मिळत नसे. म्हणून ३१५ बोअरची रायफल नागरिकांसाठी निघाली आणि बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली. बंगळूरकडील शिकारी केनेथ अँडरसन याने आपल्या ४०५ विंचेस्टरची साथ आयुष्यभर धरली. जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल २७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली होती. हलकी, लहान गोळीची, मोठ्या शिकाऱ्यांनी नाक मुरडावे अशी. पण केदार-बदरीच्या यात्रामार्गावर आठ वर्षे दहशत माजवून सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे खाणारा रुद्रप्रयागचा बिबट्या मे १९२६ मध्ये पडला, तो याच रायफलीच्या गोळीने. यात्रेकरूंची वाट ज्या हत्याराने मोकळी केली, त्याला एखाद्या भाविकाने फूल वाहिले, तर त्यात वावगे काय?

असो. शिकारीचा तो काळ सरला, आणि सरला हे बरेच झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बांध घातला व १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने जवळजवळ नाहीसेच केले. रानेही विरळ झाली. बंदूक मात्र घरात राहिली, आणि तिच्याबरोबर आजोबा-पणजोबांची आठवण.

कल्याणात आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे तीन हत्यारे : आजोबांची ठासणीची एकनळी, वडिलांची विलायती दुनळी, आणि स्वतः तारुण्यात हौसेने घेतलेली ३१५ रायफल. तिन्ही परवान्यावर. २०१९ च्या ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आली. अशा वेळी अनेक परवानाधारकांना हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या वर्षी दसरा ८ तारखेला आणि मतदान २१ तारखेला. त्यामुळे खंडेनवमीला पाट रिकामा! गृहस्थांनी तीन सुपाऱ्या मांडून पूजा केली.

हत्यारे परत आली, आणि त्याच डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका माणसाजवळ तीनऐवजी दोनच हत्यारे. तिसरे वर्षभरात जमा करावयाचे. २०२० चे नवरात्र त्यांनी या विचारात काढले. बाजाराच्या दृष्टीने पाहता ठासणीची एकनळी द्यावी. तिचा घोडा झिजलेला, तिच्यातून बार उडून कित्येक वर्षे लोटलेली. रायफल तर उत्तम स्थितीत.

अशा वेळी महाभारत आठवते. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर ठेवली, हे दसऱ्याला आपण सांगतोच; पण त्या गांडीवाचा शेवट सहसा सांगत नाही. ते धनुष्य दुसऱ्याला दे, असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. त्यापायी एकदा प्रत्यक्ष धर्मराजावर तलवार उपसण्यापर्यंत पाळी आली व श्रीकृष्णाला मध्ये पडावे लागले. यादवकुलाच्या नाशानंतर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन येताना तेच गांडीव अर्जुनाला धड पेलेना. तरीही महाप्रस्थानाला निघताना, राज्य सोडले, वस्त्रे सोडली, गांडीव मात्र सुटले नाही. अखेर वाटेत अग्नी आडवा आला आणि वरुणाकडून आणलेले धनुष्य वरुणाला परत द्यावयास त्याने सांगितले. तेव्हा अर्जुनाने गांडीव व भाते पाण्यात सोडले. निरुपयोगी झाल्यावरही हत्यार सोडवत नाही, हे व्यासांनी किती बारकाईने पाहिले आहे!

गृहस्थांनी त्या खंडेनवमीला तिन्ही हत्यारांची पूजा केली, आणि दसऱ्यानंतर रायफल जमा केली. मुलाने विचारले, “बाबा, जी चालते ती दिलीत आणि जी चालत नाही ती ठेवलीत?” ते म्हणाले, “रायफल मी घेतली होती. ही दोन मला कुणी दिली आहेत.”

पुढच्या वर्षी, १५ ऑक्टोबर २०२१ ला, विजयादशमीच्याच मुहूर्तावर देशाच्या आयुध कारखान्यांतून घडविलेल्या सात नव्या सरकारी कंपन्या राष्ट्राला अर्पण झाल्या. आमच्या शेजारच्या अंबरनाथचा कारखानाही त्यांतलाच. कल्याण-डोंबिवलीचे कितीतरी कामगार पिढ्यान्‌पिढ्या त्या आवारात राबले आहेत. काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त, हे त्यांच्या घरातील मुलेही सांगतील.

गृहस्थांच्या पाटावर अजूनही तीन जागा असतात. एकनळी, दुनळी, आणि तिच्या शेजारी रायफलीचे एक रिकामे पितळी काडतूस, चिंचेने घासून लख्ख केलेले. सूनबाई त्यावरही कुंकवाचे बोट लावतात.