पदवीच्या दिवशीचा पेहराव

पदवीप्रदान समारंभाची तारीख कळली की घरात पहिला प्रश्न निघतो तो कपड्यांचा. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील कितीतरी घरांत ही पदवी त्या घरातली पहिलीच असते. अशा वेळी आनंदाच्या जोडीला एक अवघडलेपणही येते. ‘प्रमाणपत्र मागाहून कार्यालयातून घेऊ, समारंभाला कशाला जायचे?’ असे म्हणणारी मुले-मुली मला दवाखान्यात भेटत असतात. आधी ती कामाचे, प्रवासाचे कारण पुढे करतात. थोडे बोलते केले की ‘घालायला चांगले काही नाही’ हे खरे कारण बाहेर येते. आई-वडिलांना माझे पहिले सांगणे असे, की एवढ्यासाठी त्यांना या दिवसाला मुकू देऊ नका.

‘चांगले’ म्हणजे तरी काय? काळा झगा असेल, तर त्याखाली कॉलर, बाह्यांच्या कडा आणि पायांतले जोडे एवढेच दिसते. शिवाय झग्याची प्रथाही आता सार्वत्रिक राहिलेली नाही. जानेवारी २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या समारंभात झग्याच्या जागी देशी पेहराव आला, आणि पुणेरी पगडी की फुले पगडी यावरून विद्यार्थ्यांनी निदर्शनेही केली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभासाठी हातमागाचे कापड वापरावे, असे विद्यापीठांना सुचविले. आपल्या हवेत ते अधिक सुखकर असते, हेही एक कारण त्यात होते. डॉक्टर म्हणून मला ते मनापासून पटते. तेव्हा झगा आहे की उपरणे, हे महाविद्यालयाच्या सूचनेत आधी नीट वाचावे आणि मगच बाजाराची वाट धरावी. घरातला धुतलेला, इस्त्रीचा सुती सदरा किंवा सलवार-कुर्ता बहुतेक ठिकाणी पुरेसा असतो. नवाच घेतला, तर एकदा धुऊन घालावा. नव्या कापडावरील रंग आणि खळ घामाशी मिसळून मानेवर, काखेत पुरळ उठवतात.

भाड्याच्या झग्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. एकच झगा दिवसभरात अनेकांच्या अंगावर चढतो आणि प्रत्येक वेळी धुतला जातोच असे नाही. गजकर्णाची बुरशी कपड्यांतूनही पसरते, आणि अलीकडे हा विकार महिनोन्‌महिने हटत नाही; औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉईडमिश्रित मलमे त्याला आणखी चिवट करतात. म्हणून झग्याखाली पूर्ण बाह्यांचा, गळाबंद सुती कपडा असावा आणि घरी येताच अंघोळ करावी. ज्याला स्वतःलाच गजकर्ण आहे, त्याने उपचार आधीच सुरू करावेत. टोपी घालण्यापूर्वी आत स्वच्छ रुमाल ठेवावा. उवांना पदवीचे सोयरसुतक नसते!

चेहरा उजळवणारे नवे क्रीम, केसांचा नवा रंग, काळी मेंदी यांचा पहिला प्रयोग समारंभाच्या आठवड्यात करू नये. काळ्या मेंदीतील रसायनाने हातावर फोड आलेली मुलगी व्यासपीठावर हात पुढे करायला लाजते. बुटांचेही तसेच. न्हावऱ्याहून किंवा चौफुल्याहून एसटीने यायचे, मग रांगेत उभे राहायचे, आणि पायांत मैत्रिणीचे एक माप लहान असलेले उंच टाचांचे सँडल! त्यापेक्षा पुसून स्वच्छ केलेली रोजची चप्पल बरी. नवे बूट घ्यायचेच असतील, तर आठवडाभर घरात वापरून सैल करावेत.

साडी नेसणाऱ्या मुलींनी परकराची नाडी दोन बोटे सहज जातील इतपतच आवळावी. पिना निऱ्यांना लावाव्यात, पण बसताना-उठताना पोटात टोचतील अशा नकोत. पाळीचे दिवस असतील आणि पांढऱ्या पोशाखाची सक्ती असेल, तर वर्गशिक्षिकेला मोकळेपणाने सांगावे. महाविद्यालयांनीही अशी सक्ती शक्यतो करू नये.

माझी खरी काळजी मात्र वेगळीच आहे. स्वच्छतागृहाची अडचण नको म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, गडबडीत न्याहारीही करीत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यात पत्र्याच्या मांडवाखालची दुपार, कृत्रिम धाग्याचा काळा झगा आणि ताठ उभे राहणे. रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पोहोचते आणि मुलगी खाली कोसळते. पोहे किंवा भाकरी खाऊन, पाणी पिऊन निघावे, बाटली जवळ ठेवावी. रांगेत टाचा उचलत, पोटऱ्या हलवत राहावे. डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लाज न बाळगता जागीच खाली बसावे. कोणी पडलेच, तर आडवे झोपवून पाय उंच करावेत, झगा सोडावा, कॉलर आणि नाडी सैल करावी, भोवतीची गर्दी हटवावी. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, शुद्ध येण्यापूर्वी तोंडात पाणी घालू नये. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, तर १०८ ला फोन करावा.

आता पालकांच्या पेहरावाविषयी, कारण तोही मुलांच्या मनात असतो. वडिलांचे धोतर-टोपी, आईचे नऊवारी लुगडे हा कुठल्याही सभागृहात शोभणारा पोशाख आहे. मुलांनी त्यांना ‘तुम्ही मागे बसा’ असे म्हणू नये. समारंभ लांबतो, म्हणून मधुमेह असलेल्या आई-वडिलांच्या गोळ्या आणि चार बिस्किटे मात्र पिशवीत आठवणीने ठेवावीत.