ड्रिलची बॅटरी: लहान कीं मोठी?

घरांत बिनतारेचें ड्रिल घेतांना आपण यंत्र निरखून पाहतों. बॅटरी मात्र मोठी तीच चांगली, असें समजून उचलतों. हा समज आम्हांस तपासण्याजोगा वाटतो.

या यंत्रांतील लिथियम-आयन घट सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणला. त्याचा दाब सुमारें ३.६ व्होल्ट. असे पांच घट एकापुढें एक जोडले कीं १८ व्होल्टांची लहान बॅटरी होते. तिजवर '२० व्होल्ट' असें छापलेलें असलें तरी भुलूं नये. तो आंकडा पूर्ण भरलेल्या बॅटरीचा होय. विजेचा खरा साठा व्होल्टांस अँपिअर-तासांनीं गुणून कळतो. १८ गुणिले २ म्हणजे ३६ वॉट-तास.

मोठ्या बॅटरींत घटांच्या बहुधा दोन ओळी असतात. म्हणून वजनहि जवळजवळ दुप्पट. खुंट्या, पडदे, तसबिरी यांसाठीं लहान बॅटरीच योग्य; शिडीवर मनगट थकलें तर घात व्हावयाचा. लांकूड कापण्याच्या करवतीस मात्र मोठीच घ्यावी. तो भार एकाच ओळीवर पडल्यास लहान बॅटरी फार तापते.

स्वस्त नकली बॅटरी तर घेऊंच नये. आंत संरक्षक मंडल नसल्यास आगीचें भय असतें; आणि घरांत मुलेंबाळें असतात!