आधी पेटीवर, मग पोटावर

पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली की आपल्या वयाच्या माणसाला पहिली शंका येते ती डॉक्टरांच्या हाताची. ‘माझ्यावर शिकणार तर नाहीत ना?’ या भीतीने पुष्कळजण तारीख पुढे ढकलतात आणि दुखणे वाढवून घेतात.

आमच्या वेळी नर्सिंगच्या मुली इंजेक्शन आधी संत्र्यावर शिकत. शस्त्रक्रियेला असे संत्रे नव्हते. शिकाऊ डॉक्टर मोठ्या सर्जनशेजारी उभे राहून शिकत. इथे सिंगापुरात आता वैद्यकीय महाविद्यालयात आणि जनरल हॉस्पिटलच्या आवारात सरावाची खास केंद्रे आहेत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात उजवीकडे नेला की हत्याराचे आतले टोक डावीकडे जाते आणि नजर पडद्यावर ठेवावी लागते. हे वळण सरावानेच पडते. यंत्रावर चूक लगेच दिसते, तीच पायरी पुन्हा करता येते आणि कोणाला इजा होत नाही.

अमेरिकेतील येल विद्यापीठाने २००२ साली १६ शिकाऊ सर्जनांवरील चाचणी प्रसिद्ध केली. ज्यांनी आधी यंत्रावर सराव केला, त्यांनी पित्ताशय २९ टक्के लवकर सोडवले आणि त्यांच्या चुका इतरांच्या सुमारे एक-षष्ठांश होत्या.

पण महाग यंत्र खेड्यात कुठून येणार? जगात ५ अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असे लॅन्सेट आयोगाने २०१५ साली सांगितले. म्हणून मिशिगन विद्यापीठ आणि इथिओपिया व कॅमेरूनमधील डॉक्टरांनी मिळून ‘ऑल-सेफ’ हे साधन केले. साधी पेटी, कॅमेरा आणि स्वस्त वस्तूंचा नकली अवयव, एवढेच. गर्भनलिकेत गर्भ राहिल्यास करायची शस्त्रक्रिया त्यावर शिकता येते. सरावाचा व्हिडिओ दुसरे डॉक्टर पाहून गुण देतात.

पेटीतून रक्त वाहत नाही, म्हणून अनुभवी सर्जन जवळ हवाच. तुमचे ऑपरेशन मुंबईत असो वा अलिबागेला, न लाजता विचारा: अशी किती ऑपरेशने आपण केली? सोबत वरिष्ठ कोण असतील? अडचण आली तर मला कुठे हलवाल? चांगला डॉक्टर रागावत नाही. उत्तर पटले की तारीख मात्र चुकवू नका.

शालोम.