खेळातला डायनासोर आणि भिलाईच्या पायाखालचा दगड

मोबाइलच्या पडद्यावर बोट घासलं की माती बाजूला होते. आणखी थोडं घासलं की हाडाचं टोक दिसतं. मग कुदळ, मग ब्रश आणि दोन मिनिटांत डायनासोरची अख्खी कवटी आपली! ती नेऊन संग्रहालयात मांडायची, तिकीट लावायचं, आलेल्या नाण्यांतून नवं दालन बांधायचं आणि पुन्हा खणायला निघायचं. जीवाश्म शोधून संग्रहालय चालवायचे असे खेळ आज घरोघरी मुलांच्या हातात दिसतात. मोबाइलबाहेरही त्यांची चलती आहे. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात जगभर गाजलेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या खेळात तर एक घुबडमहाशय संग्रहालय सांभाळतात आणि आपण खणून आणलेला जीवाश्म कोणता, ते ओळखून सांगतात.

खेळ वाईट नाही. ज्या मुलाला पाढे म्हणताना झोप येते, ते ‘ट्रायसेराटॉप्स’ आणि ‘ब्रॅकिओसॉरस’ न अडखळता म्हणतं, हे काही कमी नाही. पण भिलाईतल्या एखाद्या मुलाला विचारून पाहा, ‘तुझ्या घराखाली खणलं तर काय सापडेल?’ उत्तर बहुतेक ‘डायनासोर!’ असंच येईल.

खरं उत्तर त्याहून भारी आहे. भिलाईत कितीही खोल खणलं तरी डायनासोर सापडणार नाही, कारण इथला दगड डायनासोरांपेक्षा कितीतरी जुना आहे.

पोलादात मिसळलेला जुना जीव

भिलाई म्हटलं की पोलाद कारखाना. सोव्हिएत संघाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून इथले रूळ देशभर अंथरले गेले आहेत. या भट्टीत मुख्यतः तीन गोष्टी जातात : लोहखनिज, कोळशापासून केलेला कोक आणि चुनखडी. या तिन्हींचा धागा पुरातन जीवांपर्यंत पोहोचतो.

आधी चुनखडी. ती भिलाईजवळच्या नंदिनीच्या खाणीतून येते. लोहखनिजातली माती-वाळू वेगळी करून मळी म्हणून बाहेर काढणं हे तिचं भट्टीतलं काम. रायपूर-दुर्ग भागात पसरलेल्या या चुनखडीच्या थरांत अनेक ठिकाणी एकावर एक चढलेल्या, लाटांसारख्या वळणदार रेघा दिसतात. कोबीचा गड्डा मधोमध कापल्यावर जशा दिसतात, तशा. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. उथळ समुद्रात सूक्ष्म जिवाणूंचे चिकट थर वाढायचे, त्यावर गाळ बसायचा, त्यावर पुन्हा नवा थर वाढायचा. असं होत होत हे दगड घडले. त्यांचं वय सुमारे १०० कोटी वर्षं किंवा त्याहूनही जास्त आहे. पहिले डायनासोर आले ते सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे भिलाईच्या दगडासमोर डायनासोर अगदी कालचं पोर!

आता लोहखनिज. ते दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येतं आणि त्याचं वय २०० कोटी वर्षांहून अधिक आहे. त्या काळी समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली, त्याच्याशी संयोग होऊन लोह तळाशी बसत गेलं आणि त्याचे पट्टेदार थर तयार झाले, असं शास्त्रज्ञ मानतात. साध्या भाषेत सांगायचं तर समुद्राला गंज चढला आणि तो गंज आज आपण भट्टीत वितळवतो. उरला कोळसा. तो तर कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडांचाच.

म्हणजे रेल्वेच्या रुळावरून गाडी धडधडत जाते, तेव्हा तिच्या चाकाखाली पृथ्वीवरच्या अगदी आरंभीच्या जीवांची कमाई असते. कुठल्याही खेळाच्या दुकानात एवढं मोठं बक्षीस मिळत नाही.

छत्तीसगडमध्ये समुद्र?

ज्यांना शिंपले, गोगलगायी असे ओळखू येणारे जीवाश्मच पाहायचे आहेत, त्यांच्यासाठीही छत्तीसगडमध्ये जागा आहे. राज्याच्या उत्तरेला मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या काठी समुद्री जीवांचे जीवाश्म आहेत. १९५४ मध्ये ते भूवैज्ञानिकांच्या नजरेस आले आणि १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ही जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केली.

आज जिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तिथे समुद्री प्राणी कसे? सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका एकत्र जोडलेले होते. त्या महाखंडाला गोंडवन म्हणतात. हे नाव आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून जगभर गेलं. त्या वेळी इथे बर्फाच्या प्रचंड चादरी होत्या. हवा तापू लागल्यावर बर्फ वितळला, समुद्राची पातळी वाढली आणि त्याचा एक हात थेट मनेंद्रगडपर्यंत आत शिरला. थंड पाण्यात राहणारा जाड शिंपल्याचा ‘युरिडेस्मा’ इथल्या दगडात सापडतो. तसाच शिंपला ऑस्ट्रेलियाच्या खडकांतही मिळतो. दोन देश एकेकाळी शेजारी होते, याचा एवढासा शिंपला साक्षीदार!

खेळात दोन मिनिटं, प्रत्यक्षात २६ वर्षं

खेळ आणि खरं उत्खनन यांतला सर्वांत मोठा फरक वेळेचा. त्यासाठी नागपूरच्या भूवैज्ञानिक वर्तुळात सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले शास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना १९८४ मध्ये गुजरातमधल्या धोली डुंगरी गावाजवळ एक दगड मिळाला. त्यात डायनासोरची अंडी होती आणि काही बारीक हाडं होती. हाडं अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची असावीत, असं तेव्हा वाटलं. २००१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा त्यांना त्यातले काही मणके सापाचे वाटले. मग दगड नाजूकपणे साफ करण्यात, हाडं मोकळी करण्यात आणि ती जगातल्या इतर सापांशी ताडून पाहण्यात आणखी वर्षं गेली. २०१० मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि जगाला ‘सनाजेह इंडिकस’ कळला. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा हा साप ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी डायनासोरच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसला होता आणि शेजारी इवलंसं पिल्लू होतं. तेवढ्यात वरून गाळाचा लोंढा आला असावा आणि तो क्षण तसाच दगड झाला.

१९८४ ते २०१०. तब्बल २६ वर्षं! आणि तो दगड घाईघाईने फोडून फक्त अंडं बाहेर काढलं असतं, तर सापही गेला असता आणि गोष्टही.

बारा पायांचा नव्हे, मोठ्या पायाचा

खेळात कवटी, मान, बरगड्या, शेपूट असा संच पूर्ण झाल्याशिवाय पुढची पातळी उघडत नाही. निसर्ग असे संच देत नाही. गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळ, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणातल्या पोचमपल्ली गावापाशी १९६० च्या सुमाराला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका प्रचंड डायनासोरची सुमारे ३०० हाडं बाहेर काढली. ती एकाची नव्हेत, निदान सहा जनावरांची होती. त्यांतून एक सांगाडा जुळवून संस्थेच्या संग्रहालयात उभा केला गेला. पण त्याची कवटी काही सापडली नाही, थोडे दात तेवढे मिळाले.

या डायनासोरचं नाव ‘बारापासॉरस टागोरी’. मराठी कानाला वाटतं, बारा पायांचा! पण ते बंगाली आहे. तिथे ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. त्याच्या मांडीचं हाडच दीड मीटरच्या वर होतं. उत्खनन झालं ते रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष होतं, म्हणून पुढे त्यांचं नाव.

संग्रहालयाचा कणा : कपाटातली चिठ्ठी

खेळात संग्रहालय म्हणजे रोषणाई, गर्दी आणि गल्ला. खऱ्या संग्रहालयाचं निम्म्याहून अधिक काम प्रेक्षकांना दिसतच नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कुठे सापडली त्याची नोंद, तारीख, कुठल्या थरात होती ते आणि कुठल्या कपाटात ठेवली ते. ही नोंद हरवली की काय होतं?

विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरला डायनासोरचे मणके मिळाले. भारतात सापडलेली ही पहिली डायनासोरची हाडं. त्यांच्यावरूनच १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं. पुढे हे मणके कुठे गेले, ते कुणालाच सांगता येईना. अखेर २०१२ मध्ये त्यांपैकी एक सापडला. जमिनीत नव्हे, कोलकात्यातल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या स्वतःच्याच संग्रहात! भारताचा पहिला डायनासोर दुसऱ्यांदा ‘खणून’ काढावा लागला, तोही कपाटातून.

आपल्या भागाला संग्रहालयांची परंपरा जुनी आहे. १९५६ पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगड एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे सगळ्यांचा ‘अजब बंगला’, १८६३ मध्ये सुरू झाला. रायपूरचं महंत घासीदास स्मारक संग्रहालय १८७५ चं. भिलाईहून ते तासाभराच्या अंतरावर आहे.

खेळ जे शिकवत नाही

या खेळांत एक गोष्ट मात्र मुलांच्या मनात चुकीची बसते : सापडलं ते माझं आणि जास्तीचं असेल तर विकून टाकावं. प्रत्यक्षात जीवाश्माची खरी किंमत त्याच्या जागेत असते. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, कुठल्या बाजूला तोंड करून तो पडला होता, यावरून गोष्ट उलगडते. जागेवरून उचललेला, नोंद नसलेला जीवाश्म म्हणजे पत्ता फाडून टाकलेलं पत्र.

आणि अशा जागा झपाट्याने कमी होत आहेत. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूरजवळच्या टाकळी गावात जीवाश्म गोळा केले आणि ते जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचवले. आज टाकळी नागपूर शहराच्या पोटात गेली आहे. घरं हवीत, रस्ते हवेत, भट्टीला चुनखडीही हवी. पण काय जातं आहे ते ओळखणारी चार माणसं तरी गावात असायला हवीत, आणि ती आजच्या मुलांतूनच येणार.

ओळख नसतानाही लोक जपतात, याचंही एक उदाहरण आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या गावी शेताचा राखणदार ‘काकर भैरव’ म्हणून गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या पुजले जात होते. ती डायनासोरची अंडी असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं आणि २०२३ मध्ये ही बातमी सगळीकडे पोहोचली. श्रद्धेने जपलेली वस्तू विज्ञानाच्या कामी आली.

घरच्या घरी, मोबाइल बाजूला ठेवून

• बुटांच्या रिकाम्या खोक्यात मुलांना संग्रहालय करू द्या. दगड, बी, पीस, जुनं नाणं, काहीही चालेल. अट एकच : प्रत्येक वस्तूला चिठ्ठी हवी. क्रमांक, जागा, तारीख, कुणाला सापडली. चिठ्ठी नाही तर प्रवेश नाही!

• ओल्या मातीच्या गोळ्यावर पिंपळाचं पान दाबून उचला आणि माती वाळू द्या. पान कुजून जातं आणि ठसा राहतो, ही जीवाश्माची पहिली पायरी मुलांना लगेच कळते.

• चुनखडीचा तुकडा खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे येतील. भूवैज्ञानिकही चुनखडी ओळखायला आम्लाचा थेंबच वापरतात.

• सहलीत दगडात शिंपला किंवा हाडासारखं काही दिसलं तर उपटू नका, ठोकू नका. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळेल, मोबाइलवर जागा नोंदवून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूविज्ञान विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. खाणीत परवानगीशिवाय जाऊ नका.

• खेळ खेळायचाच असेल तर मोबाइलवरच्या खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. ‘दुर्मीळ हाड’ मिळवण्यासाठी पैसे मागणाऱ्या पेट्या या खेळांत बऱ्याचदा असतात आणि पेटीत काय निघेल, ते पैसे देईपर्यंत कळत नाही.

या रविवारी मुलांना घेऊन रायपूरच्या संग्रहालयात चक्कर मारा. एखाद्या वस्तूसमोर उभं राहून तिच्याशेजारची पाटी त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. सापडलेलं ठिकाण कोणतं, काळ कोणता. आणि पाटीवर त्यातलं काही नसेल, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना जाऊन विचारायलाही सांगा.