अमेरिकेचे करनमुने : कोणी कोणता भरावा?

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कासारवाडी हे एके काळचे लहानसे गाव आज पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वस्तीत मिसळून गेले आहे. नाशिक फाट्यावरून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या एखाद्या अभियंत्यास अमेरिकी मूळ कंपनीचे समभाग मिळावेत आणि त्याच्याच घरी अमेरिकेत जन्मलेली पुतणी आजी-आजोबांजवळ शिकत असावी, हे अशा परिसरात आता नवलाचे राहिलेले नाही. उभयतांपुढे अमेरिकी करखात्याचा नमुना कधी ना कधी येतोच. घर एक, पत्ताही एक. नमुने मात्र भिन्न.

याचे कारण असे की, बहुतेक देश रहिवासावरून कर आकारतात, तर अमेरिका नागरिकत्वावरूनही आकारते. अमेरिकी नागरिक कुठेही राहो, त्याचे जगभरातील उत्पन्न त्या देशाच्या करकायद्याच्या कक्षेत येते. ग्रीनकार्डधारकांसही सामान्यतः हेच लागू आहे. ओसीआय कार्ड मिळाले म्हणजे अमेरिकी नागरिकत्व संपले, असा समज आढळतो. तो निराधार होय.

तेव्हा पुतणीच्या नावे अमेरिकेतील बँक वा दलाल संस्था नमुना मागेल, तो 'डब्ल्यू-९'. त्यात नाव, पत्ता व नऊ अंकी सोशल सिक्युरिटी क्रमांक लिहावयाचा असतो. क्रमांक न दिल्यास व्याज-लाभांशातून २४ टक्के रक्कम कापली जाऊ शकते. येथील बँकाही खाते उघडताना जन्मदेश, नागरिकत्व व करनिवास विचारतात. ही चौकशी बँकेची लहर नव्हे. ९ जुलै २०१५ रोजी भारत व अमेरिका यांच्यात झालेल्या करविषयक माहितीच्या देवाणघेवाणीच्या कराराचा तो भाग आहे.

काकांचा, म्हणजे भारतीय नागरिक व येथील रहिवासी असलेल्या अभियंत्याचा, नमुना 'डब्ल्यू-८ बेन' हा होय. आपण अमेरिकी करदाते नाही, हे त्याने घोषित होते. यात कायमचा पत्ता भारतातील द्यावा. टपालपेटी किंवा 'अमुक यांच्या मार्फत' असा पत्ता चालत नाही. परदेशी करदाता क्रमांकाच्या रकान्यात आपला पॅन लिहावा. दुसऱ्या भागात भारताचे नाव घालून १९८९ च्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराचा लाभ मागता येतो. हा भाग पुष्कळजण कोरा सोडतात आणि तेथेच नुकसान होते. शंभर डॉलर लाभांशावर एरवी ३० डॉलर कापले जातात, करारान्वये २५. वरचे पाच डॉलर भारतातील करातून वजा मिळत नाहीत. ते परत मिळवावयाचे तर अमेरिकेत विवरणपत्र भरण्याचा खटाटोप आला. नमुन्याची मुदतही ध्यानात ठेवणे इष्ट. २०२५ मध्ये सही केलेला नमुना, परिस्थिती न बदलल्यास, ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालतो.

हे दोन्ही नमुने करखात्याकडे धाडावयाचे नसतात. ज्या संस्थेने मागितले तिच्याकडेच द्यावयाचे. त्यांवरील सही ही शपथेच्या तोडीची असते. म्हणून घाईत काकांनी 'डब्ल्यू-९' भरणे किंवा पुतणीच्या वतीने 'डब्ल्यू-८ बेन' देणे ही केवळ लेखनिकाची चूक ठरत नाही.

तिसरा प्रकार क्रमांक मिळविण्याचा. पती अमेरिकी नागरिक, पत्नी भारतीय आणि तिला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळू शकत नाही, अशा दांपत्यास एकत्रित विवरणपत्र भरावयाचे असल्यास पत्नीसाठी 'डब्ल्यू-७' भरून आयटिन हा ९ ने सुरू होणारा क्रमांक मागावा लागतो. अर्ज बहुधा विवरणपत्रासोबतच जातो. अमेरिकी नागरिकास मात्र आयटिन मिळत नाही. त्याने 'एसएस-५' भरून सोशल सिक्युरिटी क्रमांकच घ्यावयाचा. आपल्याकडे नोटरीच्या शिक्क्यावर फार भिस्त असते, पण 'डब्ल्यू-७' सोबत तशी प्रत स्वीकारली जात नाही. मूळ पारपत्र किंवा ते देणाऱ्या कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत जोडावी लागते. या दोन्ही अर्जांस सरकारी शुल्क नाही.