आजीची मुलाखत आणि आमचा पॉडकास्ट



आमच्या गावच्या बैठकेत गेले दीड वर्ष एक नवा उद्योग चालू आहे. शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग सुटला की बाके भिंतीला लावावयाची, खिडक्या व पंखा बंद करावयाचा आणि गावातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करावयाची. महिन्यातून दोनदा ती पॉडकास्ट म्हणून प्रसिद्ध होते. "हे पॉडकास्ट म्हणजे काय हो, गुरुजी?" असे आम्हाला देवळात, बस स्टॉपवर, लग्नाच्या पंगतीतही विचारले जाते. म्हणून हा लेख लिहावयास बसलो आहोत.

पूर्वी रेडिओवर मराठी कार्यक्रम लागावयाचा, तेव्हा घरातील सर्वजण वेळेवर रेडिओजवळ बसत. वेळ चुकली की कार्यक्रम गेला. पॉडकास्ट तसा जात नाही. ध्वनीची फाईल इंटरनेटवरील एका कोठीत ठेवलेली असते व तिच्यासोबत एक यादी असते, तिला 'फीड' म्हणतात. श्रोत्याच्या फोनमधील अ‍ॅप ती यादी अधूनमधून तपासते आणि नवा भाग दिसला की श्रोत्यापुढे ठेवते. मग त्याने तो भांडी घासताना ऐकावा की बसमध्ये, त्याची मर्जी. हे नावही फार जुने नाही. इंग्लंडच्या 'गार्डियन' वृत्तपत्रात बेन हॅमर्सली या पत्रकाराने २००४ च्या फेब्रुवारीत ते प्रथम वापरले. पुढच्याच वर्षी अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि तो घरोघर पोचू लागला.

आम्ही तिघेजण आहोत. आम्ही दोन शिक्षक आणि आमच्याच वर्गातून शिकून गेलेला एक तरुण, ज्याला यंत्रातले कळते. सामान म्हणाल तर एक फोन आणि पदराला किंवा सदऱ्याला लावता येईल असा छोटा मायक्रोफोन. यापेक्षा अधिक खर्च केला नाही आणि नवीन माणसाने करूही नये. खोलीने मात्र आम्हाला छळले. बैठकेच्या सिमेंटच्या भिंतींमुळे प्रत्येक शब्द विहिरीतून आल्यासारखा घुमू लागला. अखेर सतरंज्या आणि घरची पांघरुणे भिंतीवर टांगली, मायक्रोफोन तोंडापासून एक वीत अंतरावर आणला, तेव्हा आवाज माणसासारखा झाला. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर मात्र चहा घेऊन घरी जाणे हाच उपाय.

यंत्र जमले. मुलाखत घेणे जमले नाही.

पहिली मुलाखत गावातील एका आजीची घ्यावयाची ठरली. वय पंचाहत्तरीच्या घरात, मराठी अजून घरात बोलणारी, झाकरीची गाणी पाठ असलेली. आम्ही वहीत वीस प्रश्न लिहून नेले होते. "आपले बालपण कसे गेले?" "बरं गेलं." "आपल्याला मराठी भाषेचा अभिमान वाटतो का?" "वाटतो की." अशी गाडी चालली होती. मग वादळाचा विषय निघाला आणि आजी आपणहून सांगू लागली, "म्होरल्या दारानं पानी आलं..." आणि आमच्या तोंडून निघून गेले, "पुढच्या दाराने पाणी आले, असे ना, आजी?"

वीस वर्षे वह्या तपासण्याची सवय! आजीने एकदा मायक्रोफोनकडे पाहिले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुमीच सांगा, गुरुजी. तुमाला बेस येतं." त्यानंतर ती क्रियोलमध्ये दोन-दोन शब्द बोलत राहिली. अकराव्या मिनिटाला आम्ही यंत्र बंद केले. रात्री घरी ते ऐकले तेव्हा अकरा मिनिटांपैकी सात मिनिटे आम्हीच बोलत होतो. आजीच्या नातीने ते ऐकले असते तर आम्हाला तोंड दाखवावयास जागा उरली नसती. तो भाग आम्ही प्रसिद्ध केला नाही.

पुष्कळ विचार केल्यावर चूक लक्षात आली. शिक्षक प्रश्न विचारतो तेव्हा त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. मुलाला ते येते की नाही एवढेच पाहावयाचे असते. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला हेच शिकवले गेले आणि वर्गात ते योग्यही आहे. पण मुलाखतीत उत्तर आपल्याला ठाऊक नसते, म्हणून तर विचारावयाचे. आजीला आम्ही परीक्षेला बसवले होते.

अमेरिकेत डेव्ह आयसे यांनी २००३ साली 'स्टोरीकॉर्प्स' नावाचा उपक्रम न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातील एका छोट्या खोलीत सुरू केला. तेथे वार्ताहर मुलाखत घेत नाही. एकमेकांना ओळखणारी दोन माणसे, आई-मुलगा किंवा जुने मित्र, समोरासमोर बसतात आणि सुमारे चाळीस मिनिटे बोलतात. ही कल्पना आम्ही उचलली. तीन महिन्यांनी पुन्हा आजीकडे गेलो ते तिच्या स्वयंपाकघरात. प्रश्न विचारावयास तिची पंधरा वर्षांची नात बसली. आम्ही दाराशी.

नातीला आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, "कसे होते?" असे विचारू नकोस, "कुठे होतीस, हातात काय होते, कोण रडले?" असे विचार. दुसरी, आजी थांबली की मनात पाचापर्यंत मोज आणि मगच तोंड उघड. नातीने विचारले, "आजी, कारोल सिक्लोनच्या रात्री तू कुठं होतीस?"

१९६० च्या फेब्रुवारीतील ते वादळ कोणत्या घरात ठाऊक नाही? आजी तेव्हा दहा वर्षांची होती. गवताचे छप्पर वडिलांनी दोरांनी बांधले होते, ते कसे उडाले, मुलांना पाठुंगळी घेऊन ऊस आडवा पडलेल्या रानातून दगडी इमारतीत कसे नेले, हे सर्व आजीने पीठ मळता मळता सांगितले. मग ती थांबली. नात मोजत होती, तिचे ओठ आम्हाला दिसत होते. चार, पाच. आणि आजी म्हणाली की आई रात्रभर जात्यावरच्या ओव्या म्हणत राहिली, मुलांना वारा ऐकू येऊ नये म्हणून. जाते तर केव्हाच वाहून गेले होते.

ही गोष्ट आजीच्या मुलालाही माहीत नव्हती. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेतील दप्तरांत आपल्या पूर्वजांची नावे, गावे, जहाजे सापडतात, काहींची छायाचित्रेही. पण ती माणसे बोलत कशी होती हे कोणत्या दप्तरात शोधावे?

मूळ ध्वनिमुद्रणात कुटुंबातील जमिनीच्या भांडणाचाही उल्लेख होता. प्रसिद्ध करण्यापूर्वी आम्ही ते घरच्यांना ऐकवले आणि त्यांच्या इच्छेनुसार तेवढा भाग काढला. आजीच्या भाषेला मात्र कात्री लावली नाही. मंडळातील एक-दोन ज्येष्ठांना क्रियोल शब्द खटकले. त्यांचा मान राखून सांगतो, ते शब्द काढले असते तर आजीच निघून गेली असती.

श्रोते कसे वाढले, हेही पुष्कळजण विचारतात. पहिल्या भागाचे श्रोते बोटांवर मोजण्याइतके, त्यांत निम्मे आमच्या घरचे. वडील मंडळींच्या फोनमध्ये पॉडकास्टचे अ‍ॅपच नव्हते. म्हणून आम्ही प्रत्येक भाग व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवू लागलो. अर्ध्या तासाची साधी फाईल चौदा-पंधरा एमबीची होते, सहज जाते. 'भाग ३' असे नाव देण्याचे सोडून 'कारोलची रात्र' असे नाव दिले, तर लोक उघडून पाहू लागले. तारीख कधी चुकवली नाही. प्रत्येक पाहुण्याकडून निघताना पुढच्या पाहुण्याचे नाव मागून घेतो, त्यामुळे एका घरातून दुसऱ्या घरात वाट होते. आणि मूळ फाईल दोन ठिकाणी जपून ठेवतो. गुगलने आपले पॉडकास्टचे अ‍ॅप २०२४ साली बंद केले. परक्याच्या कोठारावर किती विसंबावे?

गेल्या महिन्यात साताऱ्याकडील एका श्रोत्याचा निरोप आला. त्याने लिहिले होते, माझी आई अजूनही 'म्होरलं दार' असेच म्हणते. तो निरोप आम्ही आजीला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचावयास लावला आणि विचारले, "मग मी चुकले कुटं व्हते, गुरुजी?"

पुढचा भाग ऊसतोडणीच्या दिवसांवर आहे. आजीने होकार दिला आहे, पण एक अट घातली आहे. गुरुजींनी बाहेर अंगणात बसावयाचे. आम्ही ती मान्य केली आहे.